भिंत उभी राहण्याआधी

घर बांधायला काढलं की माणूस बारीकसारीक सगळ्याचा विचार करतो. बोअर कुठे घ्यायची, देवघर कोणत्या कोपऱ्यात, जिना आतून की बाहेरून, उद्या वरचा मजला चढवायचा झाला तर पाया पुरेल का. पाखरांचा विचार यात नसतो. खरं तर तो आपल्या आजोबा-पणजोबांच्या मनातही नव्हता. जुन्या घरात चिमणी नांदायची ती कुणी तिच्यासाठी खोली राखून ठेवली म्हणून नव्हे. घर ज्या मालानं आणि ज्या रीतीनं बांधलं जायचं, त्यातच तिची सोय होऊन जायची. ती रीत आता गेली. जी जागा आपसूक मिळत होती, ती यापुढे ठरवून, मोजून, गवंड्याला सांगून ठेवावी लागणार आहे. ही पुस्तिका तेवढ्यासाठी आहे. पिंप्राळ्यासारख्या ठिकाणी, जिथं सतत कुठे ना कुठे पाया खणला जात असतो, तिथं हे आत्ताच सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

खानदेशातलं जुनं घर म्हणजे धाब्याचं घर. शेतातली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, म्हणून भिंतीला ती चालत नाही. भिंतीसाठी गावाच्या पांढरीतली माती आणायची, तिच्यात भुसा-गवत घालून पायानं तुडवायची, मग थरावर थर चढवायचे. भिंत दीड-दोन हात रुंद. वर लाकडी सर, सरांवर आडव्या पाट्या किंवा तुराट्या, आणि त्यावर पुन्हा मातीचा जाड थर. या घराला सरळ रेषा अशी नव्हतीच. सराचं टोक जिथं भिंतीत शिरायचं तिथं लाकडाच्या वर चार बोटांची फट राहायची. खुंटी निखळली की भोक उरायचं. आत देवळ्या आणि कोनाडे असायचे, ओसरीत पुढे झुकवून टांगलेल्या तसबिरी असायच्या, आणि प्रत्येक तसबिरीमागे एक तिरकी, अंधारी, कोरडी जागा. चिमणीला याहून जास्त काही लागत नाही.

अशी एखादी भिंत अजून उभी असेल तर तिच्यापाशी जरा थांबून बघावं. वापरातलं भोक लगेच ओळखू येतं. त्याची खालची कड पायांनी आणि पोटानं घासून गुळगुळीत आणि काळपट झालेली असते, आणि तिच्याखाली भिंतीवर विष्ठेचा पांढरा ओघळ उतरलेला असतो. गळ्याखाली काळा डाग असलेला नर कडेवर बसून एकसुरी चिवचिवत राहतो. ती हाक जागा आपली असल्याची आणि मादीला बोलावण्याची असते. मग काड्या येतात, सुतळीचे धागे येतात, आणि आपल्याकडे हमखास येतो तो कापसाचा पुंजका. कापसाच्या गाड्या ज्या रस्त्यानं जातात, त्या रस्त्याकडेच्या घरट्यांना अस्तराची ददात नसते. मादी तीन ते पाच अंडी घालते. साधारण बारा-तेरा दिवसांत पिल्लं निघतात आणि पुढे दोन आठवड्यांत उडतात. जागा चांगली असेल तर जोडी त्याच भोकात वर्षातून दोनतीनदा तरी वीण घेते.

पिंप्राळा हे गाव होतं. आज ते जळगाव शहराचा एक भाग आहे. आषाढी एकादशीला निघणाऱ्या रथानं गावाची ओळख टिकवून धरली आहे, पण रथ ज्या घरांसमोरून जातो ती घरं बदलली. २००३ मध्ये जळगावची महानगरपालिका झाली. शहर चहूबाजूंनी पसरलं, शेतांचे प्लॉट पडले, कॉलन्या उभ्या राहिल्या. मातीच्या भिंतीच्या जागी विटा आल्या, धाब्याच्या जागी स्लॅब आला. यात तक्रारीसारखं काही नाही. पावसाळाभर गळणारं धाबं दरवर्षी माती टाकून लिंपण्याचा त्रास ज्यांनी काढला आहे, त्यांना जुन्या घराचं कौतुक ऐकवू नये. पक्कं घर हा माणसाचा हक्क आहे. मात्र पक्क्या घराला आतून-बाहेरून गिलावा होतो, परांचीच्या बांबूंची भोकंसुद्धा रंग देण्याआधी बुजवली जातात, तसबिरी भिंतीला चिकटून बसतात आणि खिडक्यांना जाळ्या लागतात. मग चिमणी विजेच्या मीटरच्या पेटीत शिरते, दुकानाच्या शटरच्या डब्यात शिरते, रस्त्यावरच्या दिव्याच्या तोंडात गवत कोंबते. हट्टानं नव्हे, दुसरीकडे कुठे भोकच उरलेलं नसतं म्हणून.

इथं एक गोष्ट नीट सांगायला हवी. घरट्याचं नाव काढलं की खानदेशातल्या कुणाच्याही डोळ्यांपुढे बहिणाबाईंची सुगरण येते. बहिणाबाई चौधरी असोद्याच्या लेक आणि जळगावच्या सून, आणि ती कविता आम्हा सगळ्यांची. पण सुगरण स्वतःचं घर स्वतः विणते. तिला विहिरीवर झुकलेली बाभूळ आणि लांब पात्यांचं गवत मिळालं की माणसाशी तिचं काही काम नाही. चिमणीचं तसं नाही. तिला विणता येत नाही आणि सुतारासारखं लाकूडही पोखरता येत नाही; तिला तयार पोकळी लागते. हजारो वर्षं माणसाच्या वस्तीला धरून राहिल्यामुळे ती पोकळी ती माणसाच्या भिंतीतच शोधते. तिच्यासारखी आणखी पाखरं आहेत. साळुंकी, दयाळ, चीरक, हुदहुद, पिंगळा ही सगळी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात घरटं करणारी. गावात जुनी झाडं तुटली की यांचीही भिस्त भिंतींवरच येते.

भिंतीतल्या भोकाला पाखरांच्या जगात केवढी मागणी असते, याची एक जुनी नोंद आहे. सालिम अली दहा-अकरा वर्षांचे असताना, म्हणजे १९०६-०७ च्या सुमारास, चेंबूरला घराच्या तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणीचं घरटं होतं. मादी आत अंड्यांवर, नर भोकाजवळच्या खिळ्यावर. त्या वयाच्या आणि त्या काळातल्या शिकारीच्या आवडीनं त्यांनी तो नर टिपला. थोड्याच वेळात मादीजवळ दुसरा नर हजर. सात दिवसांत त्यांनी त्याच खिळ्यावरचे आठ नर मारले आणि प्रत्येक वेळी जागा भरून निघाली. हे त्यांनी तेव्हा वहीत लिहून ठेवलं आणि पुढे आत्मचरित्रात सांगितलं. वाचताना जीव हळहळतो. तरी त्या नोंदीतून दोन गोष्टी कळतात: विणीच्या जागेसाठी ताटकळणारे नर आसपास असतातच, आणि एक चांगलं भोक सहसा ओस पडत नाही.

चिमण्या संपल्या, अशी हाकाटी मी करणार नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालात देशभराच्या पक्षिनिरीक्षकांच्या नोंदी तपासल्या आहेत. सबंध देशाचा विचार केला तर चिमणीची संख्या पंचवीसेक वर्षांत साधारण टिकून आहे. घट दिसते ती मोठ्या महानगरांत. याचा अर्थ आपल्यासाठी सरळ आहे. जळगावसारख्या शहरात, त्यातही गावठाण आणि कॉलनी अजून एकमेकांना लागून असलेल्या पिंप्राळ्यात, चिमणी हाताशी आहे. तिला परत आणायचं नाही, जाऊ द्यायचं नाही. हे काम कितीतरी सोपं आहे.

आणि सोपं असूनही आपण ते चुकीच्या रीतीनं करतो आहोत, असं मला वाटतं. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी मोठं काम उभं केलं. त्यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकारानं २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवसानं शाळाशाळांत चिमणी पोचवली, हे ऋण मानलंच पाहिजे. पण त्याच्या मागोमाग आपल्याकडे जी घरटी वाटली जातात ती बहुतेक पुठ्ठ्याची नाहीतर पातळ प्लायवूडची. लोक ती हौसेनं नेतात आणि जिथं खिळा असेल तिथं, पुष्कळदा पश्चिमेच्या गॅलरीत, टांगतात. महिन्याभरात जळगावचा उन्हाळा पेटतो.

आपल्या उन्हाळ्याबद्दल जळगावकराला काही सांगायला नको. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि हा आकडा सावलीतला असतो. पक्ष्याच्या अंड्याला ३७-३८ अंशांच्या आसपास ऊब लागते. त्याहून तीन-चार अंश जास्त तापमान तासन्‌तास राहिलं तर आतला जीव मरतो. पाव इंच जाडीच्या खोक्यात, तापलेल्या भिंतीला पाठ लावून, दुपारी तीन वाजता काय होत असेल ते हात घालून बघितलं तरी कळतं. पिल्लांना घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकतात आणि शेवटी सहन होईना म्हणून पिसं पुरी यायच्या आधीच भोकातून खाली उडी घेतात. उन्हाळ्यात रस्त्यावर सापडणारी अर्धवट पिसांची पिल्लं आपण घरट्यातून ‘पडलेली’ समजतो. त्यातली किती उष्म्यानं बाहेर पडलेली असतात, याचा विचार करावा.

मातीच्या दोन हात रुंद भिंतीत हे होत नव्हतं. जाड भिंत तापायला दुपार घालवते आणि निवायला रात्र घेते, म्हणून तिच्या पोटातलं तापमान बाहेरच्यासारखं वरखाली होत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की खानदेशात घरटं भिंतीवर टांगू नये, भिंतीत ठेवावं. थंड हवेच्या मुलखातून आलेली खोक्याची कल्पना इथं जशीच्या तशी चालणार नाही. ज्यांचं घर बांधून झालं आहे, त्यांच्यापुढे खोक्याशिवाय मार्ग नाही. त्यांनी निदान जाड लाकडाचं किंवा मातीच्या मडक्याचं घरटं उत्तरेच्या छज्ज्याखाली लावावं. ज्यांची भिंत अजून उभी राहायची आहे, त्यांच्या हातात मात्र खरी संधी आहे, आणि ती पन्नास वर्षांत एकदाच येते.

जगात ही कल्पना नवी नाही. इस्तंबूलच्या मशिदींच्या भिंतींवर उंचावर दगडात कोरलेली पाखरांची घरं आहेत. उस्कुदार भागातल्या, १७१० साली पुऱ्या झालेल्या येनी वालिदे मशिदीवरची घरं तर सज्जे आणि मनोरे असलेल्या हवेल्यांसारखी दिसतात. इराणात इस्फहानच्या आसपास कबुतरांसाठी आतून हजारो कोनाडे असलेले बुरूज बांधले गेले; कबुतरांची विष्ठा खरबुजाच्या मळ्यांना खत म्हणून जायची. नेदरलँड्स-बेल्जियमकडे सोळाव्या-सतराव्या शतकात घराच्या भिंतींना मातीची मडकी लावत, पण ती चिमण्यांची पिल्लं खाण्यासाठी. पाखराला जागा देण्यामागे माणसाच्या मनात दया होती, शेती होती, भूकही होती. आजचं सर्वांत जवळचं उदाहरण ब्रिटनचं आहे. तिथली स्विफ्ट, म्हणजे आपल्या पाकोळीची मोठी बहीण, जुन्या छपरांच्या फटींत वीण घेई. घरं उबदार राहावीत म्हणून फटी बुजवल्या गेल्या आणि पाकोळ्या घटल्या. घर सुधारलं आणि पाखरू बाहेर पडलं. आपल्या धाब्याच्या घरासारखंच. त्यावर तिथं आतून पोकळ असलेली वीट निघाली, जी इतर विटांच्या रांगेत बसवता येते. ब्रायटन अँड होव्ह या शहरानं २०२० पासून पाच मीटरहून उंच नव्या इमारतींना बांधकाम परवानगी देताना पाकोळ्यांच्या जागेची अट घातली. आपल्याला खास वीट आयात करायची गरज नाही. आपल्याकडे गवंडी आहे.

नऊ इंची भिंतीत बाहेरच्या अंगाला एकावर एक दोन थरांतली एकेक आडवी वीट वगळली की नऊ इंच लांब, चार इंच खोल आणि सहा इंच उंच पोकळी मिळते. मागे अर्धी भिंत शाबूत राहते, त्यामुळे खोलीच्या आत काहीच कळत नाही. पोकळीच्या तोंडावर कडप्प्याचा किंवा पातळ शहाबादीचा तुकडा, त्यात वरच्या बाजूला सव्वा ते दीड इंचाचं गोल भोक. तुकडा सिमेंटनं कायमचा चिणू नये. दोन स्क्रूंवर बसवावा, म्हणजे वीण संपल्यावर तो काढून जुनं गवत झाडता येतं. पोकळीच्या तळाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यावा, पावसाचं पाणी आत थांबत नाही. आतून गुळगुळीत गिलावा करू नये, पिल्लाला वर चढायला खरखरीत भिंत लागते. बाहेर बसायला दांडी लावायची हौस बऱ्याच जणांना असते. ती लावू नये. चिमणीला तिची गरज नाही, कावळ्याला आहे.

सहा इंची भिंतीत ही पोकळी ठेवू नये. मागे फार पातळ भिंत उरते आणि ओल येण्याची भीती असते. तिथं छज्ज्याच्या खाली, भिंतीला लागून विटांचंच छोटं खोपटं बांधून घेणं बरं. आणि कोणत्याही भिंतीत कॉलम, बीम, लिंटेल यांना हात लावायचा नाही, त्यांच्या टेकूच्या जागाही सोडायच्या. इंजिनिअरला आधी दाखवावं. तो हसला तरी दाखवावं. उत्तरेची भिंत सर्वांत चांगली, मग पूर्वेची. जमिनीपासून निदान दहा फूट. मांजराला पाइपावरून किंवा कठड्यावरून पोचता येणार नाही अशी. एसीचं बाहेरचं युनिट जवळ नको, ते गरम हवा ओकतं. चिमण्या शेजारानं राहतात, म्हणून एकच भोक ठेवण्यापेक्षा चार-पाच फुटांवर दोन-तीन ठेवावीत. पुढच्या पानांतल्या आकृत्या गवंड्याच्या हातात द्यायच्या आहेत, म्हणून त्यात मापं इंचांत आहेत.

शंका येतील आणि त्या रास्त आहेत. सर्वांत मोठी शंका कबुतरांची. २०२५ च्या पावसाळ्यात मुंबईत दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून केवढं वादळ उठलं ते सगळ्यांनी पाहिलं. कबुतरांच्या विष्ठेतून आणि पिसांच्या धुळीतून काही माणसांना फुप्फुसाचा गंभीर आजार होतो, ही डॉक्टरांची भीती खरी आहे, आणि कबुतरांना पोत्यांनी दाणे टाकणं मला कधीच पटलं नाही. पण दीड इंचाच्या भोकात कबूतर शिरू शकत नाही, साळुंकीसुद्धा नाही. भोकाचं माप म्हणजेच पाहुण्याची निवड. म्हणून मापाबाबत हयगय करू नये, आणि गिलावा करताना गवंड्यानं ते ‘थोडं मोठं’ केलं तर तुकडा बदलून घ्यावा. दुसरी शंका घाणीची. एका जोडीमुळे भिंतीवर ओघळ येतो, हे खरं. भोक खिडकीच्या किंवा दाराच्या बरोबर वर ठेवलं नाही तर त्याचा त्रास होत नाही. वीण चालू असताना मात्र तुकडा उघडून बघू नये. लहान मुलांना हे समजावून सांगितलं की ती मोठ्यांपेक्षा जास्त नेमानं पाळतात.

नुसतं भोक पुरत नाही, याचंही भान हवं. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना पहिले काही दिवस अळ्या आणि किडे लागतात. अंगण काँक्रीटनं भरून टाकलं, कुंड्यांवर औषध मारलं तर आई दिवसभर उडूनही चोच भरत नाही. वाड्याच्या कडेला चार फूट माती उघडी ठेवावी. मेंदी, कढीपत्ता, एखादं बोरीचं झाड लावावं. मेहरूणच्या बोरांच्या शहरात बोरीला जागा मिळणं अवघड नसावं. ज्वारी काढल्यावर ओसरीत कणसांची जुडी टांगायची आपली रीत चांगलीच होती, पण ती दाण्यांची सोय आहे; अळ्यांची सोय मातीच करते.

पाकोळीसाठी छज्ज्याखाली काय ठेवावं, पिंगळ्यासाठी गच्चीच्या टाकीखालच्या भिंतीत किती मोठं भोक लागतं, हे पुस्तिकेच्या उत्तरार्धात आलं आहे. पिंगळा उंदीर आणि किडे खातो, तेव्हा शेताजवळच्या प्लॉटवाल्यांनी ती पानं जरूर वाचावीत. सुरुवात मात्र चिमणीपासून करावी, आणि कुठून करावी तेही सांगतो. चिमणी लांब जात नाही. पिल्लं मोठी होऊन स्वतःची जागा शोधतात ती बहुधा जन्मल्या जागेपासून कोस-अर्ध्या कोसाच्या आत. दूरच्या नव्या कॉलनीत एकट्या घरानं भोक ठेवलं तर ते दोनतीन वर्षं रिकामं राहू शकतं. त्यानं नाराज होऊ नये, आणि ते बुजवूही नये. पण पिंप्राळ्याच्या जुन्या गावठाणाला लागून ज्यांचं बांधकाम निघालं आहे, त्यांच्या भिंतीला अजून पलीकडच्या मातीच्या भिंतीतल्या चिमण्यांचा शेजार आहे. त्या जुन्या भिंती एकेक करून उतरवल्या जात आहेत. शेजारची जुनी भिंत पाडायच्या आधी नवी भोकं तयार हवीत, आणि पाडायचंच असेल तर भोकात अंडी-पिल्लं नाहीत हे बघून, वीण थांबलेली असताना पाडावं. ज्याचं वीटकाम छज्ज्यापर्यंत आलं आहे, त्यानं ही प्रस्तावना इथंच सोडून आकृत्यांचं पान उघडावं आणि आज संध्याकाळी गवंडी हात धुऊन निघायच्या आत त्याला गाठावं.